सिग्नल हिरवा होता, म्हणून आपण सुटलो असं नाही

सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) चौकात झालेल्या गाड्यांच्या धडकेबद्दल एकाने "आपला दिवा हिरवा होता, म्हणजे सगळी चूक समोरच्याची" असं म्हटलंय. तेवढ्यावर भागत नाही. लाल दिवा तोडणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्यातच येतं. पण चौकात अडकलेली गाडी दिसत असूनही हिरव्यात वेगाने घुसलात, तर अपघात-भरपाईचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण तुमचाही निष्काळजीपणा धरतं आणि तेवढ्या टक्क्यांनी भरपाई कापतं.

खरा वाद पिवळ्याचा. पिवळ्याला थांबायचंच. सूट फक्त थांबारेषा ओलांडलेल्याला, किंवा इतक्या जवळ आलेल्याला की थांबणंच धोक्याचं. सिग्नल बंद आणि पोलीसही नसेल, तर उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची. हा नियम गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला पाठ हवा.

आधी जखमीला दवाखान्यात पोचवा. सोबतचा कोणी असेल तर गाड्या हलवण्याआधी थांबारेषा, टायरच्या खुणा आणि दिव्याचा खांब एका चौकटीत येईल असे फोटो काढायला सांगा. चौकातलं आणि दुकानांचं फुटेज जपून ठेवावं असा लेखी अर्ज त्याच दिवशी पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या, कारण त्यावर नवं रेकॉर्डिंग चढतं. दाव्यासाठी कायद्यात सहा महिने लिहिलेत, रेंगाळू नका.