आमची नाटक कंपनी आता आमची का वाटत नाही? झाडीपट्टीतल्या जुन्या प्रेक्षकांनो, अनुभव लिहा

भाऊबीज झाली की आमच्याकडे मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रेचे दिवस लागतात, आणि मंडई म्हटली की रात्री नाटक. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या धानपट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत वाढलेल्याला हे सांगावे लागत नाही. बाकीच्यांसाठी एवढेच, की नाटक कंपन्यांचे मुख्य ठाणे वडसा, म्हणजे देसाईगंज. गावोगावची मंडळे तिथे जाऊन तारखा ठरवतात आणि होळीच्या आसपासपर्यंत हंगाम चालतो. रात्री दहाला उभा राहिलेला प्रयोग उजाडताना संपतो.

गेल्या काही वर्षांत माझ्यासारखे अनेक जुने प्रेक्षक मधूनच उठून घरी येऊ लागले आहेत. असे का झाले ते एका जागी लिहून ठेवावे असे वाटले. प्रत्येकाने स्वतः पाहिलेले लिहा. कंपनीचे किंवा कलावंताचे नाव मात्र लिहू नका, कारण त्यांची वर्षभराची चूल याच चार-पाच महिन्यांवर पेटते. सुरुवात मी करते.

शिक्षिका, ब्रह्मपुरी तालुका

आमच्या गावात एकाच कंपनीचे नाटक सलग १९ वर्षे झाले. त्या दिवशी दुपारपासून रेंग्या, म्हणजे छोट्या बैलगाड्या यायच्या. आत्या, मावश्या, त्यांची पोरे. आमच्या घरात त्या रात्री २५ माणसे जेवायची. बाबा आणि गावातले लोक आठ दिवस आधीच धान निघालेल्या बांधीत माती खणायला लागायचे. रंगमंचाकडे खोल आणि मागे उंच, म्हणजे शेवटच्या माणसालाही दिसले पाहिजे. त्यावर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, तणसावर बोरे, म्हणजे पोती, आणि बोऱ्यांवर आम्ही, एका चादरीत तिघे.

आईला कंपनीतल्या खलनायकाचा एवढा राग यायचा, की दुसऱ्या दिवशी तो आमच्या ओसरीवर चहाला आला तेव्हा तिने कप त्याच्या हातात दिला नाही, खाली ठेवला. तो म्हणाला, "माय, मी तसा नाही जी." पुढे तो गावात आला की आमच्याकडेच जेवायचा. बाबा गेले तेव्हा सांत्वनालाही आला होता.

मागच्या डिसेंबरात आईला घेऊन गेले. तिचे वय ७८. पहिल्या अंकात सुनेला घराबाहेर काढले आणि लगेच दिवे बदलून रेकॉर्डवरचा नाच सुरू झाला. मग एक प्रवेश झाला आणि पुन्हा नाच. दीड वाजेपर्यंत सात नाच झाले. आई म्हणाली, "चाल." बॅटरीच्या उजेडात घरी येताना तिने विचारले, "त्या सुनेचं का झालं असन, बाई?" मला सांगता आले नाही.

मला नाचाचा राग नाही. दंडार, खडी गंमत या इथल्या लोककलांच्या अंगाखांद्यावर हे नाटक वाढले, त्यांत नाच होताच. पण तो गोष्टीतल्या माणसाचा नाच असायचा.

ऑर्गनवादक, आता घरीच, नागभीड

तीस हंगाम वाजवले. लोकांना वाटते की पेटीवाल्याचे काम गाण्यापुरते. तसे नाही. रंगमंचाच्या पुढे बसलेला पेटीवाला नटाच्या श्वासाकडे पाहत असतो. नटी वाक्य विसरली, तर तिला आठवेपर्यंत सूर धरून ठेवायचा आणि आठवले की अलगद सोडायचा. एकदा जानेवारीच्या थंडीत आमच्या नायिकेचा आवाज बसला होता. काळी चारमधले पद मी काळी तीनमध्ये, म्हणजे खालच्या पट्टीत घेतले. तबलजीने नुसते माझ्याकडे पाहिले आणि हातोडी उचलली. समोरच्या हजारभर माणसांत कुणाला कळले नाही. ती मात्र पद संपल्यावर विंगेत जाऊन रडली, आणि सकाळी निघताना माझ्या पाया पडली.

आता संगीत पेनड्राइव्हवर येते. पेनड्राइव्ह कुणासाठी थांबत नाही. नटाला धाप लागली असली तरी गाणे पुढे जाते, आणि नट ओठ हलवत त्याच्या मागे धावतो.

२०२३ साली नाट्यकलावंत डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली. झाडीपट्टीच्या माणसाला पद्मश्री! त्या दिवशी मी ऑर्गनवरची चादर काढली, भाता तपासला, दोन सूर अडकत होते ते मोकळे केले. वाटले, आता जुन्या गोष्टीला मागणी येईल. पुढच्या हंगामाआधी ज्या कंपनीत मी बारा वर्षे वाजवले तिथून फोन आला. "काका, या वर्षी ट्रॅकवरच भागवतो." पोरगा नम्रपणे बोलला. मी बरे म्हटले.

शेतकरी, लाखांदूरकडचा

आमी जमिनीवाले. आदी सारेच जमिनीवर बसत. खुर्च्या दोन रांगा, त्याबी कडेले. आता समोर सोफे, मंग खुर्च्या, आन जमीन पार मांगं, जनरेटरच्या आवाजात. मोठा पडदा लावते न त्याच्यात पाहा म्हनते. पडदाच पाहाचा तं घरी टीव्ही आहे न जी. मी नाटकाले जातो म्हनजे मानसाले पाहाले जातो. डोराभर, मंजे डोळे भरून.

बचत गटातली बाई, आरमोरी तालुका

लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला बाहेर नेले ती पहिली जागा म्हणजे नाटक. एरवी बाजारालाही एकटी पाठवत नसत. नाटकाला मात्र सगळ्या बाया जात, लेकरांना घेऊन. पहाटे नवऱ्याने टाकलेल्या बाईचा प्रवेश आला की सगळ्या पदराने डोळे पुसत. त्या रडण्यात ज्याचे त्याचे दुःख मिसळलेले असायचे. शेजारच्या बाईच्या घरी काय चालले आहे हे मला विहिरीवर कळले नाही, नाटकात कळले.

तीन वर्षांपूर्वी १४ वर्षांच्या लेकीला घेऊन गेले. विनोदी पात्र आले. सुरुवातीला हसलो. मग त्याचे बोलणे खाली खाली जायला लागले, दुहेरी अर्थाचे, बाईच्या अंगावरचे. लेक माझ्याकडे पाहिना, मी तिच्याकडे पाहिना. मी उठले. मागे पाहिले तर आमच्या गटातल्या आणखी सहा जणी उठलेल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही कंपनीच्या व्यवस्थापकाकडे गेलो. तो म्हणाला, "ताई, लोकांनाच हे पाहिजे." मी विचारले, आम्ही लोकांत येत नाही का? त्याच्याकडे उत्तर नव्हते. ज्या मंडपाने मला या गावात माणूस म्हणून उभे केले, तिथे लेकीला न्यायची भीती वाटते. याचे मला फार वाईट वाटते.

पटाच्या गावचा, साकोली तालुका

आमच्याकडे नाटक शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला बांधलेले. दिवसा बैल धावणार, रात्री नाटक. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट थांबला आणि आमच्या गावी नाटकही थांबले, कारण पाहुणाच येईना. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी परत मिळाली. पट भरला, आम्ही हौसेने तीच कंपनी बोलावली. जुना एकही चेहरा नव्हता. नाव तेच, माणसे दुसरी. मालकही दुसरा. एवढेच लिहितो.

मंडळाचा सचिव, सिंदेवाही तालुका

वरचे सगळे वाचले. मला आमची बाजू लपवायची नाही. या बिघाडात मंडळांचा हात आहे, माझाही आहे.

वडशाला गेलो की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, "पोस्टरवर कोण?" मुंबईचा मालिकेतला चेहरा असला की तिकीट जाते, आणि शेजारच्या गावात त्याच दिवशी दुसरे नाटक असेल तर ती चढाओढच होते. एका वर्षी आम्ही असा चेहरा घेतला. तो साडेअकराला आला, दोन प्रवेश केले, लोकांना हात दाखवला आणि एकच्या आधी त्याची गाडी निघाली. मंडप अर्धा रिकामा झाला. उरलेले नाटक ज्या बाईने पहाटे पाचपर्यंत ओढले, तिचा पोस्टरवरचा फोटो पासपोर्टएवढा होता. ती चुलीजवळ हात शेकत बसली होती तेव्हा मी तिला चहा दिला. ती म्हणाली, "दादा, तुमच्या गावात आधी लोकं माझ्या नावानं येत." ते खरे होते. मी शाळेत असताना तिच्याच नावाने गेलो होतो.

जमा झालेल्या पैशातून आम्ही शाळेला कुंपण घातले, मंदिराची फरशी केली. तो हिशेब मी अभिमानाने वाचून दाखवला होता. त्या रात्रीचा हिशेब कुणी विचारला नाही.

पडदेवाला, वडसा

मी आतला माणूस. प्रेक्षकांनी कंपनीवर राग धरावा, पण थोडे आतले सांगतो. आधीचे मालक स्वतः नट होते. पावसाळ्यात महिनाभर तालीम चालायची, सगळे एका पंगतीत जेवायचे. आता कलावंत नाइटवर येतात, म्हणजे त्या रात्रीचे पैसे घेऊन. आज या कंपनीत, उद्या त्या. तालीम तीन-चार दिवस. एकमेकांचे संवाद पाठ नाहीत, म्हणून मध्ये नाच टाकावा लागतो. तो नाच भोक बुजवायला असतो, हे मला ठाऊक आहे, कारण तेवढ्यात मी पडदा बदलत असतो आणि नट माझ्या मागे उभा राहून वही वाचत असतो.

२०२० च्या दिवाळीला करोनामुळे आमच्या कंपनीचे पडदे गुंडाळलेलेच राहिले. मी धान कापायला गेलो. बरेच जुने लोक त्या वर्षी गेले ते परत आलेच नाहीत. एक जण आता किराणा चालवतो. त्याला मी हंगामात भेटायला जात नाही. त्याला त्रास होतो.

मंडळाचा सचिव, सिंदेवाही तालुका

पुन्हा लिहितो. काल आमच्या मंडळाची बैठक झाली. बायांनाही बोलावले होते, पहिल्यांदाच. ठरले ते असे: या वर्षी बाहेरचा चेहरा नको, नाच गोष्टीत असेल तेवढेच, आणि संगीत समोर बसून. तिकीट कमी जाईल, गावाची कामे पुढे ढकलू. कंपनीला फोन केला. ते म्हणतात, जुने नाटक बसवतो, पण ऑर्गनवाला तुम्ही आणा, आमच्याकडे उरला नाही.

नागभीडचे काका, याल का?

ऑर्गनवादक, नागभीड

गुडघे दुखतात आणि ऑर्गनला पाय लागतातच. दोन अंक मी वाजवीन, तिसऱ्याला भाच्याला बसवीन, त्याला येते. तालीम किमान आठ दिवस पाहिजे. तबलजी माझा जुनाच आणतो. तारीख कळवा.

शिक्षिका, ब्रह्मपुरी तालुका

मलाही कळवा. आईला घेऊन येते. आम्हाला जमिनीवर जागा द्या.