मदत हवी आहे: कॉन्सुल खलाशाला तुरुंगात टाकू शकायचा का? (तातडीचं)

अर्धवट_लेखक: दिवाळी अंकाची कथा शुक्रवारी द्यायचीय, संपादक रोज फोन करतायत. मुंबई बंदरात खलाशी जहाजावरून पळतो, कॉन्सुल (जहाजाच्या देशाचा इथल्या बंदरातला सरकारी प्रतिनिधी) त्याला धरून उमरखाडीच्या तुरुंगात टाकतो. असं चालायचं का? हो की नाही, एवढंच सांगा. गूगलवर नुसते व्हिसाचे फॉर्म येतायत.

कोलबा: कुठल्या देशाचा कॉन्सुल? साल?

दर्यावर्दी६२: मी चौतीस वर्षं बोटीवर काढली. माणूस पळाला की कॅप्टन एजंटला कळवतो, एजंट इमिग्रेशनला. कॉन्सुल मध्ये येतच नाही. कथेत एजंट घाला.

अर्धवट_लेखक: काका, इंग्रजांच्या काळातली कथा आहे हो.

ताम्रपट: अर्थात टाकू शकायचा! १८३३ ला मस्कतच्या सुलतानाने (आफ्रिकेजवळचं झांझिबार बेटही त्याचंच) अमेरिकेशी केलेल्या तहात अमेरिकनांचे आपसातले तंटे त्यांच्याच कॉन्सुलने तोडायचे, असं कलम आहे. झांझिबारात तर इंग्रज कॉन्सुलचं कोर्टच होतं आणि त्यावरचं अपील आपल्या मुंबई हायकोर्टात यायचं. यावर वेगळा धागा काढतो.

कोलबा: जरूर काढा, पण मुंबई म्हणजे झांझिबार नव्हे. तिथे सुलतानाने तहात हक्क सोडले होते. मुंबईत इंग्रजांची स्वतःची कोर्टं असताना ते दुसऱ्याच्या कॉन्सुलला निवाडा कशाला करू देतील?

मायबोलीप्रेमी: 'वाणिज्यदूत' असा शब्द आहे मराठीत.

ताम्रपट: पेशवाईत दरबारातल्या दूताला 'वकील' म्हणत.

कोलबा: खलाशी काय "वाणिज्यदूत आला, पळा" म्हणून ओरडणार? लेखक, साल??

अर्धवट_लेखक: १८६८. बोस्टनहून बर्फ घेऊन आलेलं अमेरिकन जहाज. सांगायचं राहिलं.

कोलबा: मग प्रसंग बसत नाही. परदेशी व्यापारी जहाजांवरून पळालेल्यांना धरून देण्याचा ब्रिटिश कायदा १८५२ चा. पण जो देश इंग्रजांना तशीच सवलत देईल त्यालाच तो लागू, आणि पळालेला गुलाम असेल तर मुळीच नाही. अमेरिकेशी असा करार झाला थेट १८९२ ला. तुमच्या कॉन्सुलला हक्काने माणूस मागताच येत नव्हता. करार असता तरी त्याने फक्त अर्ज करायचा, वॉरंट मॅजिस्ट्रेटचं.

काळाकोट: खलाशाने पगारासाठी केलेल्या दाव्यातही तेच, निर्णय कोर्टाचा. 'नीना' नावाच्या पोर्तुगीज जहाजाचा खटला साधारण याच काळातला. प्रिव्ही कौन्सिलने (लंडनचं वरचं अपील कोर्ट) सांगितलं की कॉन्सुलने हरकत घेतली म्हणून दावा आपोआप बाद होत नाही, चालवायचा की नाही ते कोर्ट ठरवेल.

अर्धवट_लेखक: पगाराचं कुणी विचारलंय? माझा कॉन्सुल खलनायक आहे, त्याच्या हातात काहीच नको का?

कोलबा: आहे ना, कप्तानाचे कागद. १८०३ च्या अमेरिकन कायद्याप्रमाणे बंदरात आल्यावर जहाजाचं रजिस्टर (नोंदणीचा दाखला) कॉन्सुलकडे ठेवायचं, नाहीतर पाचशे डॉलर दंड. बंदर सोडायचा परवाना दाखवला की परत. शिवाय खलाशाला परदेशात कामावरून कमी केलं तर बाकी पगार वेगळा, वर तीन महिन्यांचा पगार कॉन्सुलकडे भरायचा. त्यातले दोन महिन्यांचे खलाशाला, एकाचा अडकलेल्या खलाशांच्या निधीला. पळाला, तर हे काही नाही, उलट त्याचा मागचा पगारही बुडतो. म्हणून काही कप्तान माणसाला इतकं छळायचे की त्याने आपणहून पळावं. तुमच्या कॉन्सुलला तुरुंग कशाला हवा? कप्तान म्हणतो "पळाला", कॉन्सुल वर न बघता सही करतो.

अर्धवट_लेखक: वा! हेच घेतो. दाभोळचा इब्राहिम जेट्टीवर उभा, हातात दमडी नाही...

कोलबा: दाभोळचा?! अहो, तो तीन महिन्यांचा पगार जहाजावरच्या खलाशांच्या यादीत अमेरिकन नागरिक म्हणून नोंद असलेल्यालाच!

अर्धवट_लेखक: मुंबईत चढलाय तो. मला वाटलं ते उघड आहे.

दर्यावर्दी६२: दाभोळात कुठला? आमचं घर बंदराजवळच.