गणपूर्ती, कोरम आणि तहकूब

पारोळा : ग्रामसभेच्या इतिवृत्तात 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब' असं लिहिलंय. गणपूर्ती म्हणजे बहुमतच ना? आणि तहकूब झाली म्हणजे सभा रद्द धरायची?

अमळनेर : दोन्ही नाही, भाऊ. गणपूर्ती हजेरीची, बहुमत मतांचं. 'कोरम भरना का?' विचारतात, तीच ही गणपूर्ती. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांत जी संख्या कमी असेल तेवढे हजर लागतात. 400 मतदारांच्या गावात 60. मतदार 2000 असले तरी 300 नाही, 100च. आकडा मतदार यादीवरून काढायचा, लोकसंख्येवरून नव्हे. घोळ इथेच होतो: समोर बसलेली सगळी डोकी मोजतात, त्यात यादीत नाव नसलेली पोरंही येतात. मग हजेरीच्या सह्या यादीशी ताडल्या की कोरम कोसळतो.

शहादा : अक्कलकुवा, धडगावकडे हे गणित लावू नका. तिथे पेसाचे, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्याचे, 2014चे नियम आहेत आणि पाड्याची स्वतंत्र ग्रामसभाही असू शकते.

चाळीसगाव : विधिमंडळात नेमकं उलट. अनुच्छेद 189 प्रमाणे 10 सदस्य किंवा एक दशांश, यांत जी संख्या *जास्त* असेल ती. विधानसभेत 288 पैकी 29. विधान परिषदेत 78चा दशांश 8 भरतो, म्हणून तिथे 10. आता बहुमत बघा: 29च हजर आहेत, अध्यक्ष सुरुवातीला मत देत नाहीत, उरलेल्या 28 जणांनी मत दिलं तर साधं विधेयक 15 मतांनी मंजूर! अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात मात्र गणपूर्तीलाच निम्म्याहून जास्त लागतात, 435 पैकी 218.

पारोळा : आणि तहकूब?

अमळनेर : पुढे ढकललेली. विषय तेच राहतात, सभा त्याच विषयांवर पुन्हा भरते. रद्द सभेचं तसं नसतं, नव्याने बोलवावी लागते. विधिमंडळात बैठक तहकूब करतात अध्यक्ष, अधिवेशन संस्थगित करतात, म्हणजे संपवतात, राज्यपाल, आणि विसर्जन फक्त विधानसभेचं होतं; परिषदेचं कधीच नाही. पण गावात लक्षात ठेवायची गोष्ट वेगळीच: तहकूब ग्रामसभेला गणपूर्तीची अट नसते. पहिल्या दिवशी कोरम मोडला म्हणून खूश होऊन घरी बसलेल्यांना नंतर कळतं, की वीस जणांनी ठराव केला आणि तो कायदेशीर आहे.