आधी पाण्याचं भांडं खुराड्याबाहेर काढा

रोज नवा तूस टाकूनही सकाळपर्यंत बदकांच्या खुराड्यात रबरब होते, असं तुम्ही लिहिलंय. दोष तुसाचा नाही, आत ठेवलेल्या पाण्याच्या घमेल्याचा आहे. बदक खाद्याचा घास घेतं, लगेच पाण्यात चोच बुडवतं, मान झटकतं. घमेल्याभोवती हातभर जागा तासाभरात भिजते. पण पाणी उथळ करू नका. नाकपुड्या बुडतील एवढी खोली लागतेच, नाहीतर नाकाडोळ्यांत घाण साचते.

आम्ही अंगणाच्या उताराकडे गुडघाभर खड्डा खणला, त्यात खडी भरली, वर लाकडी चौकटीत जाळी ठोकली आणि घमेलं त्यावर ठेवलं. सांडलेलं पाणी थेट खाली जातं. रात्री मोठ्या बदकांना आत पाणीही नाही आणि खाद्यही नाही. दोन्ही एकदमच बंद करायचं, कारण पाण्याशिवाय कोरडं खाद्य घशात अडकतं. पिल्लांना मात्र पाणी लागतं. पहिल्याच आठवड्यात फरक दिसला: अंडी पांढरी स्वच्छ मिळू लागली.

ओल सुकवायला चुना टाका, असं इथे कुणीतरी तुम्हाला सांगितलंय. कृपा करून ओल्या तुसावर कळीचा चुना टाकू नका, पायाची कातडी भाजते. ओला भाग फावड्याने काढा, बाकीचा उलथा, वर कोरडा तूस पसरा. पावसाळ्यात पोत्यातला तूस आधी हुंगून बघा. कुबट वास आला तर तो नकोच, बुरशीने बदकांची फुप्फुसं धरतात. काढलेला ओला तूस माडाच्या आळ्यात घालण्याआधी कुजू द्या.

आणि ओलसर हवा बाहेर जायला तुमच्या खुराड्याला वरच्या बाजूला झरोका आहे का?