साधी खेळणी निवडताना नेमके काय पाहावे?

ओसरी

नमस्कार. माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे आणि धाकटा मुलगा नुकताच चालू लागला आहे. घरातील खेळण्यांची टोपली भरून वाहते, परंतु त्यांतील बहुतेक खेळणी आणल्यानंतर लवकरच अडगळीत जातात. बटण दाबले की गाणे वाजते, दिवे लागतात, गाडी गोल फिरते. एवढे पाहून झाले की मुलीच्या दृष्टीने त्या वस्तूचे काम संपते. याउलट कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यांचा डबा तिच्या हाती लागला, तर ती त्यात रमून जाते. एका चिमट्याच्या शेपटीला दुसरा चिमटा लावून ती मगर करते, तीच मगर उभी धरली की जिराफ होतो, आणि सगळे चिमटे ओळीने मांडले की शाळेची रांग लागते. मग त्या रांगेतील एखाद्याला दमही भरला जातो.

बरीच खेळणी काढून टाकून थोडी, साधी आणि अनेक वर्षे पुरतील अशी खेळणी ठेवावीत, असा माझा विचार आहे. अडचण अशी की दुकानातील जवळजवळ प्रत्येक खोक्यावर ‘कल्पनाशक्तीला चालना देणारे’ असे छापलेले असते. तेव्हा साधे खेळणे ओळखण्याची कसोटी कोणती, एका वेळी किती खेळणी बाहेर असावीत, आणि लाकडी खेळण्यांचाच आग्रह धरावा का, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

बालवाडीताई

चिमट्यांचा डबा मुळीच उचलून ठेवू नका.

कसोटी म्हणाल, तर मी खेळणे हातात घेऊन एवढेच पाहते की खेळताना काम कोण करणार आहे. गाडी आपोआप फिरत असेल, तर मुलाच्या वाट्याला प्रेक्षकाची भूमिका येते. गाडीला आवाज नसेल, तर तो मुलाला आपल्या तोंडाने काढावा लागतो आणि तिथेच खेळ सुरू होतो. दुसरी गोष्ट म्हणजे तीच वस्तू उद्या वेगळे काही होऊ शकेल का. पोलिसांचा पोशाख घातलेली, चेहऱ्यावर रुंद हसू रंगवलेली बाहुली सहसा पोलीसच राहते. चेहऱ्यावर डोळ्यांचे दोन ठिपके असलेली साधी कापडी बाहुली मात्र रडू शकते, आजारी पडू शकते, रागावू शकते आणि गरज पडल्यास डॉक्टरही होऊ शकते.

मात्र ‘जितके साधे तितके चांगले’ असा सरसकट नियम करू नये. लेव्ह विगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने 1933 मधील एका व्याख्यानात काठीच्या घोड्याचे उदाहरण दिले होते. काठी घोड्यासारखी दिसत नाही, पण तिच्यावर टांग टाकून दौडता येते; पोस्टकार्डाचा तसा घोडा होऊ शकत नाही, हेही त्याने तिथेच सांगितले. म्हणजे वस्तूचे रूप जुळले नाही तरी चालते, तिच्याशी करायची कृती मात्र जुळावी लागते. शिवाय दीड-दोन वर्षांच्या मुलाला खोट्याखोट्या खेळासाठी कपासारखा कप आणि फोनसारखा फोनच लागतो. ठोकळा कानाला लावून फोन करणे पुढे हळूहळू जमू लागते. त्यामुळे मुलीला जे पुरेल ते धाकट्याला आज पुरेलच असे नाही.

एकच वस्तू घ्यायची असेल, तर मी डोळे मिटून ठोकळे सुचवीन. मुले ते सुरुवातीला नुसते इकडून तिकडे नेतात. मग मनोरे आणि रांगा, मग पूल, मग चारी बाजूंनी बंद केलेली जागा, पुढे सममिती आणि नक्षी, आणि त्यानंतर आधी ठरवून केलेल्या इमारती, असा हा क्रम बालशिक्षणातील लोकांनी जवळजवळ शंभर वर्षांपासून नोंदवलेला आहे. पुलाची पायरी जवळून पाहण्यासारखी असते. मूल दोन ठोकळे उभे करते आणि तिसरा वर आडवा ठेवू जाते. अंतर जास्त असल्यामुळे तो खाली पडतो. ते तोच ठोकळा पुन्हा ठेवते, अधिक जोराने, जणू ठोकळ्याने हट्ट केला आहे. मग कधी ते दुसरा, पण तेवढ्याच लांबीचा ठोकळा आणून पाहते. शेवटी एक खांब बोटाने थोडासा आत सरकवते आणि आडवा ठोकळा टिकला की हात तसाच हवेत धरून क्षणभर थांबते. त्या वेळी मोठ्या माणसाने ‘अगं, जवळ घे ना’ असे सांगितले, तर पूल लवकर होतो, पण मुलीला हवे असलेले बरेच काही त्यातून निघून जाते.

ठोकळ्यांखेरीज मोठे कापडाचे दोन-तीन तुकडे, मळलेली माती, पाण्यात आणि वाळूत चालतील अशी वेगवेगळ्या मापांची भांडी, जाड खडू आणि कोरे कागद ठेवावेत. चित्रे आधीच छापलेली रंगवण्याची पुस्तके मी टाळते. रेषेच्या बाहेर रंग गेला म्हणून हिरमुसलेली मुले मी वर्गात पुष्कळ पाहिली आहेत.

रंधा

मी हौसेने सुतारकाम करतो, त्यामुळे ठोकळ्यांविषयीच लिहितो.

ठोकळ्यांचा संच घेताना लोक रंग पाहतात; पाहायला हवे ते माप. फ्रीड्रिख फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने 1837 मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी आपली संस्था सुरू केली; पुढे तीच ‘किंडरगार्टन’ म्हणून ओळखली जाऊ लागली. मुलांसाठी त्याने योजलेल्या साहित्यात आठ लहान घनांचा मिळून झालेला एक मोठा घन होता. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कमधील शिक्षिका कॅरोलाइन प्रॅट यांनी जे एककी ठोकळे घडवले, त्यांत जाडी, रुंदी आणि लांबी यांचे प्रमाण 1:2:4 असे होते, आणि बाकीचे ठोकळे याच मापाच्या निमपट, दुप्पट किंवा चौपट लांबीचे. त्यामुळे दोन अर्धे ठोकळे एका पूर्ण ठोकळ्याच्या शेजारी तंतोतंत बसतात. अपूर्णांक हा शब्द कानावर पडण्याच्या कितीतरी आधी मुलाच्या हाताला तो कळलेला असतो.

हे साधण्यासाठी काप अचूक असावा लागतो. एकेका ठोकळ्यात मिलिमीटरभराचा फरक राहिला, तर तो पाच-सहा थरांत साचत जातो, मनोरा कलतो, आणि दोष आपल्या हाताचा आहे असे मुलाला वाटते. म्हणून दुकानात एकाच प्रकारचे चार-पाच ठोकळे सपाट जागेवर शेजारीशेजारी उभे करून त्यांच्या माथ्यांवरून बोट फिरवावे. पायरी लागली, तर तो संच घेऊ नये. कडा बोटाला टोचणार नाहीत इतक्याच मारलेल्या असाव्यात, कारण फार गोल केल्या तर टेकायला सपाट जागा कमी उरते. लाकूड बारीक रेषांचे आणि जडसर असावे. हलका ठोकळा धक्क्याने लगेच सरकतो.

आणखी एक. वीस-पंचवीस ठोकळ्यांचे तीन निरनिराळे संच घेण्यापेक्षा एकाच मापाचा मोठा संच घ्यावा किंवा तोच हळूहळू वाढवत न्यावा. लहान संचात भिंती उभ्या राहतात आणि छपराच्या वेळी ठोकळे संपतात. मग खेळही तिथेच मोडतो.

एकमेकांत अडकणाऱ्या विटांविषयी विचारणा होईलच, म्हणून सांगून ठेवतो. त्यांनी तोल शिकवला जात नाही, कारण वीट वीटेला धरून ठेवते. पण त्यामुळेच आधाराबाहेर झुकणारी रचना करता येते, जी सुट्या ठोकळ्यांनी जमत नाही. दोन्हींना घरात जागा आहे. फक्त सूचनापत्रिका पाहून एकदा विमान करून झाले की ती पत्रिका दूर ठेवावी आणि विमान मोडू द्यावे.

तिरकस

वरील बहुतेक मुद्दे मान्य आहेत, परंतु लाकडी म्हणजे चांगले आणि प्लास्टिकचे म्हणजे वाईट, हे समीकरण मला पटत नाही. ठरावीक भोकांत ठरावीक खुंट्या ठोकण्याचा लाकडी खेळ कितीही देखणा असला तरी त्यात करण्यासारखे एकच काम आहे. प्लास्टिकची साधी बादली मात्र टोपी, ढोल, बैठक आणि किल्ल्याचा साचा असे सगळे होते. लाकूड डोळ्यांना सुखावते ते बहुधा आपल्या, मुलांच्या नव्हे.

खेळण्यांच्या संख्येविषयी अमेरिकेतील टोलीडो विद्यापीठातील 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा दाखला नेहमी दिला जातो. त्यात 18 ते 30 महिन्यांच्या 36 मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळण्यांसह खेळू दिले होते. चार खेळणी असताना मुले एकेका खेळण्याबरोबर अधिक वेळ राहिली आणि त्याचा उपयोगही अधिक प्रकारे करू लागली. हा निष्कर्ष माझ्या अनुभवाशी जुळतो, पण तो पंधरा-पंधरा मिनिटांच्या खेळावरून काढलेला आहे, त्यामुळे ‘घरात चारच खेळणी ठेवा’ असा फतवा त्यातून निघत नाही. शिवाय शंभर ठोकळे हे एक खेळणे मोजायचे की शंभर?

बॅटरीच्या खेळण्यांविषयी मात्र मी आपल्या बाजूने आहे. 10 ते 16 महिन्यांची मुले आणि त्यांचे पालक अशा 26 जोड्यांचा एक अभ्यास 2016 मध्ये छापून आला होता. बोलणारी, दिवे लागणारी खेळणी समोर असताना पालक स्वतः कमी बोलत, आणि पुस्तके समोर असताना सर्वांत अधिक. खेळणे बडबडू लागले की माणसे गप्प बसतात, यात नवल नाही.

तरीही एक विनंती आहे. तुकडे जुळवण्याच्या कोड्याला उत्तर एकच असते म्हणून ते हद्दपार करू नका; चिकाटी त्यातूनही येते. आणि एखाद्या मुलाला आगगाडीचे वेडच असेल, तर त्याला खरीखुरी दिसणारी आगगाडी मिळाली पाहिजे. आपल्या तत्त्वांसाठी त्याने ठोकळ्यांच्या गाडीवर समाधान मानावे, हा हट्ट मोठ्यांचा झाला.

ओसरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ठोकळ्यांच्या माथ्यांवरून बोट फिरवून पाहण्याची युक्ती फार उपयोगी आहे. दोन अडचणी उरतात. ठोकळे काढले की मुलगी ‘तूच घर करून दे’ म्हणते आणि स्वतः बघत बसते. दुसरे म्हणजे नातेवाईक प्रेमाने आणतात ती गाणारी, नाचणारी खेळणी नाकारणे अवघड जाते.

बालवाडीताई

ताई, घर करून देऊ नका, पण उठूनही जाऊ नका. तिच्याशेजारी बसून आपले स्वतःचे काहीतरी साधे मांडायला घ्या; एक लांब रस्ता, नुसती एक भिंत. आपण नेटके तीन मजली घर उभारले, तर तिच्या हातून तसे होणार नाही हे तिला पहिल्या क्षणी कळते, आणि ती पुन्हा प्रेक्षक होते. रस्ता मात्र कोणालाही पुढे नेता येतो. मध्येच ‘माझ्या रस्त्याला पुढे नदी आडवी आली आहे’ असे म्हणून थांबावे आणि वाट पाहावी. निळे कापड बहुतेक वेळा तिच्याकडूनच येते.

ती काही करत असताना ‘हे काय आहे?’ असे विचारणेही शक्यतो टाळावे, कारण पुष्कळदा तिचे ते ठरलेले नसते आणि विचारल्यामुळे घाईने ठरवावे लागते. ‘तू सगळे आडवे ठोकळे एका बाजूला लावलेस’ असे जे दिसते तेवढे म्हटले तरी संभाषण सुरू होते.

टोपली काढून टाकावी, हे मी आग्रहाने सांगेन. टोपलीत तळाचे काही दिसत नाही, म्हणून मुले ती उपडी करतात, आणि उपडी केलेल्या ढिगाशी कोणालाच खेळावेसे वाटत नाही. मुलीच्या हाताला येईल अशा उघड्या फळीवर पाच-सहा गोष्टी सुट्या मांडाव्यात आणि बाकीच्या आत ठेवून अधूनमधून अदलाबदल करावी. शक्य असेल तर अर्धवट बांधकाम रात्रभर तसेच राहू द्यावे. रोज संध्याकाळी सगळे मोडून भरायचे असेल, तर मूल तेवढ्या वेळात होईल एवढेच बांधते.

भेटवस्तूंबाबत आधीच सांगून पाहा: आहे त्याच संचातले आणखी ठोकळे, जाड कागदाची वही, खडू. ‘काय आणू?’ असे विचारणारे पुष्कळ असतात. आपणच संकोचाने ‘काही नको’ म्हणतो. तरीही नाचणारे अस्वल आलेच, तर ते आनंदाने नाचू द्यावे आणि यथावकाश अदलाबदलीच्या कपाटात जाऊ द्यावे.

काळजीवाहू

चर्चा साडेतीन वर्षांच्या मुलीभोवती चालली आहे, पण घरात सगळे तोंडात घालणारा धाकटाही आहे, म्हणून एवढे लिहितो. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी सुरक्षा तपासणीत 31.7 मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात. तिच्यात जी वस्तू पूर्णपणे मावते ती घशात अडकण्याच्या दृष्टीने धोक्याची मानली जाते. मणी, शंख, बटणे, गोट्या ही सुटी सामग्री कल्पक खेळासाठी उत्तम असली तरी धाकट्याच्या हाताला लागता कामा नये. ताईसाठी त्याला न पोहोचणारे उंच टेबल नेमून द्यावे. चिमट्यांचीही स्प्रिंग निखळते, तेव्हा ते अधूनमधून तपासावेत.

लहान, शक्तिशाली लोहचुंबक असलेली खेळणी या वयाच्या घरात आणूच नयेत. असे दोन चुंबक पोटात गेले, तर आतड्याच्या दोन बाजूंनी ते एकमेकांना ओढतात आणि मधला भाग चिमटला जातो. आणि बॅटरीची खेळणी काढून टाकताना त्यांतील चपट्या, बटणासारख्या बॅटऱ्या आधी मोजून हाताशी घ्याव्यात, कारण अशी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर अवघ्या दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. मुलाने ती गिळल्याचा नुसता संशय आला तरी शौचावाटे पडेल म्हणून वाट पाहत न बसता त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.