मदत हवी आहे: वर्गसमीकरणाचं सूत्र पाठ होतंय पण टिकत नाही

नमस्कार, मी सोलापूरची. माझ्या वहिनी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी देतायत, दिवसभर युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाई आणि रात्री जेवणं आवरली की आम्ही दोघी बीजगणित घेऊन बसतो. अवयव पाडायला एकदम फास्ट आहेत, मधल्या पदाची फोड तोंडी करतात. पण सूत्र आलं की अडतंय. मायनस बी प्लस मायनस रूट बी स्क्वेअर मायनस फोर एसी अपॉन टू ए, हे रात्री पाठ असतं आणि सकाळी कधी टू ए नुसत्या रूटच्याच खाली जातो तर कधी फोर गायब. काल त्या म्हणाल्या, "ताई, हा फोर आला कुठनं ते सांगा, मग विसरणार नाही." पुस्तकातल्या पूर्ण वर्ग पद्धतीनं दाखवायला गेले, पण बी अपॉन टू ए चे अपूर्णांक सुरू झाले की त्या वही मिटतात. अपूर्णांक न आणता हे सूत्र कसं काढून दाखवायचं? कुणी शिकवत असाल तर प्लीज सांगा, मनापासून शिकालेत त्या.

प्रतिसाद:
ताई, ए ने भागूच नका, उलट ४ए ने गुणा. ही जुने भारतीय गणिती श्रीधराचार्य यांची रीत, भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'बीजगणित' या ग्रंथात त्यांचं नाव घेऊन दिलीय. उदा. २एक्स² − ५एक्स + १ = ०. इथं ४ए म्हणजे ८, त्यानं गुणलं की १६एक्स² − ४०एक्स + ८ = ०. ते ८ पलीकडे न्या, दोन्हीकडे बी चा वर्ग म्हणजे २५ मिळवा, डावीकडे आपोआप (४एक्स − ५)² तयार होतो आणि उजवीकडे २५ − ८ = १७, हाच तुमचा बी स्क्वेअर मायनस फोर एसी. आता ४एक्स − ५ = ±√१७, म्हणून ४एक्स = ५ ± √१७, आणि शेवटी ४ ने, म्हणजे टू ए ने, सगळ्याला भागायचं. ५ पण त्यातच आला, म्हणून टू ए ची रेघ पूर्ण लांब. फोर कुठनं आला तर आपणच गुणला, पहिलं पद पूर्ण वर्ग व्हावं आणि मधल्या पदाचं निम्मं करताना अपूर्णांक येऊ नये म्हणून. सूत्र आठवलं नाही तरी पेपरात असं सोडवता येतं की.

धागाकर्ती:
खूप खूप आभार! वहिनींनी ३एक्स² + ७एक्स + १ = ० स्वतः केलं, १२ ने गुणून (६एक्स + ७)² = ३७ पर्यंत न विचारता आल्या. आता त्यांचा प्रश्न, उजवीकडे मायनस आलं तर काय लिहायचं?

प्रतिसाद:
एक्स² + एक्स + १ = ० घ्या, १ − ४ = −३ येतं. कुठल्याही वास्तव संख्येचा वर्ग मायनस नसतो, म्हणून "मुळे वास्तव नाहीत" लिहून थांबायचं. विवेचक, म्हणजे हाच बी स्क्वेअर मायनस फोर एसी, आधी वेगळ्या ओळीत काढायची सवय लावा त्यांना, आणि बी मायनस असेल तर तो कंसात लिहा, (−५)² असा, नाहीतर २५ चं −२५ होतं.