शिक्का कुणाच्या खिशात?

करवीरची लेक
परवा माहेरी ग्रामपंचायतीत गेले होते. सरपंचबाई खुर्चीवर, शेजारी त्यांचे मालक. एक म्हातारी रहिवासी दाखल्याला आली. मालकांनी शर्टाच्या खिशातून शिक्का काढला, पॅडवर दाबला, कागदावर उठवला आणि मग कागद बाईंच्या पुढं सरकवला, सहीपुरता. बाईंनी वाचलासुद्धा नाही. २०११ पासून राज्यातल्या ग्रामपंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तरी माझं मत पक्कं आहे: आरक्षण हवंच, विधानसभेतही हवं, पण हा खिसा आधी रिकामा करा.

पंचगंगाकाठ
ताई, गावात ही गत, तर विधानसभेत काय वेगळं होणार? तिकीट सूनबाईंनाच जाणार. चंदगडला संध्यादेवी कुपेकर, कोल्हापूर उत्तरला जयश्री जाधव, दोघीही पतीच्या निधनानंतरच्या पोटनिवडणुकीत आमदार झाल्या. वीस वर्षं बूथवर बसलेल्या कार्यकर्तीला कोण विचारतं?

करवीरची लेक
घराण्याचा हिशोब बायकांपाशीच का मांडता, दादा? २०२४ च्या विधानसभेला कोल्हापूर जिल्ह्यातल्या दहाही जागांवर पुरुष निवडून आले. त्यात घराण्यातले किती, तेही मोजा की. राज्यात २८८ पैकी बायका फक्त २१. विधानसभेत बायकांना राखीव जागा देणारी २०२३ ची घटनादुरुस्ती झाली खरी, पण ती जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधून ठेवली.

माजी सदस्या, शिरोळ
मी सांगते. पहिलं वर्षभर मीपण मालक म्हणतील तिथं सही केली, खोटं कशाला बोलू? मग महिला सभेत बायका पिण्याच्या पाण्यावरनं भांडल्या, पोरांना जुलाब लागले होते. मी खर्चाचं रजिस्टर मागवलं. कागदावर टीसीएलची, म्हणजे पाण्यात टाकायच्या जंतुनाशक पावडरीची, बारा पोती, टाकीखालच्या खोलीत तीन. तिथनं पुढं वाचल्याबिगर सही केली नाही. घरात चार दिवस अबोला होता, नंतर मालकच म्हणाले, बरोबर केलंस. कुठं हात बसला, तोवर पाच वर्षं संपली. वॉर्ड खुला झाला आणि पॅनेलवाले म्हणाले, "वहिनी, तुमची पाळी झाली." खुल्या जागेवर बाईला उभं राहता येतं, हे काय त्यांना ठाऊक नाही?

पंचगंगाकाठ
काकी, तुमचं काम मानलं. पण आरक्षण फिरलं नाही तर शेजारच्या वॉर्डातल्या बाईला संधी कधी मिळायची? आणि राखीव जागेची सवय लागली की खुल्यात लढायचं बळ येत नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

करवीरची लेक
फिरू दे, पण दहा वर्षांनी. तमिळनाडूत दोन टर्म तसंच ठेवतात. शिकायला एक टर्म जाते, काम दुसरीत होतं. आणि बळाचं म्हणाल, तर पक्ष खुल्या जागेचं तिकीटच देत नाहीत. बळ दाखवायचं कुठं?

माजी सदस्या, शिरोळ
आता सोडतीत काय बी निघू दे, मी अर्ज भरणार. डिपॉझिटचे पैसे शेळ्या विकून बाजूला ठेवलेत.